अब्रू वेगळी, नाव वेगळे



अध्यक्षाने दोन्ही बाजूंना थोडे थोडे बरोबर ठरवावे आणि सगळ्यांना समाधानाने घरी जाऊ द्यावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. आज मी तो मोडणार आहे. आर्थर मिलरच्या ‘द क्रुसिबल’बद्दल आपल्या अभ्यासवर्गांत आणि परीक्षणांत दोन तयार वाक्ये फिरत असतात आणि माझे भांडण त्या वाक्यांशी आहे. पहिले वाक्य असे की, व्यभिचार केलेला नायक जॉन प्रॉक्टर शेवटी सत्यासाठी फासावर जातो आणि पाप्याचा महात्मा होतो. दुसरे असे की, हे नाटक म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट हुडकणाऱ्या मॅकार्थीच्या काळावरचे रूपक. ही दोन वाक्ये उच्चारली की चर्चा संपते आणि नाटक हातातून निसटते. प्रॉक्टर बदलतो हे खरे, पण तो महात्मा होत नाही. तो अब्रू सांभाळणे सोडतो आणि नाव सांभाळू लागतो. मराठीत हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी बेधडक वापरतो. अब्रू लोकांच्या हातात असते, लोक देतात आणि लोकच काढून घेतात. नाव आपण कागदाखाली लिहितो आणि दिलेल्या शब्दामागे उभे करतो. हा फरक कळायला प्रॉक्टरला चार अंक लागतात आणि तोवर गावातली माणसे फासावर चढलेली असतात. ती किंमत न मोजता त्याच्या बदलाचे कौतुक करणे मला मान्य नाही.

हे नाटक ज्या इतिहासावर उभे आहे तो आधी पाहू. १६९२ साली मॅसेच्युसेट्स वसाहतीतल्या सेलममध्ये काही मुलींना झटके येऊ लागले आणि त्यांनी बायाबापड्यांची नावे घ्यायला सुरुवात केली. गव्हर्नर विल्यम फिप्स याने मे महिन्यात खास न्यायालय नेमले. १० जूनला पहिली फाशी झाली आणि सप्टेंबरअखेरपर्यंत १९ जणांना फासावर चढवले गेले. जाइल्स कोरी या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आरोपाला उत्तर द्यायचेच नाकारले, म्हणून त्याला दगडांखाली चिरडून मारले. पुरावा काय, तर अमक्याची छाया येऊन मला चिमटे काढते, असे फिर्यादीने सांगायचे. ती छाया फिर्यादीखेरीज कोणाला दिसायची नाही. यातली सर्वांत भयंकर गोष्ट फाशीच्या संख्येहूनही वेगळी आहे. ज्यांनी चेटूक केल्याची कबुली दिली आणि त्या कबुलीवर जे टिकून राहिले, त्यांच्यापैकी कोणालाही फाशी झाली नाही. नाकारणारे मेले. खोटे बोलणाऱ्याला जीवदान आणि खरे बोलणाऱ्याला दोर, असे हे न्यायालय होते आणि त्याला नुसती कबुली पुरत नव्हती, तिच्यासोबत आणखी नावे हवी असत.

आता दुसऱ्या अंकाची सुरुवात पाहा. प्रॉक्टर शेतावरून उशिरा घरी येतो. बायको वर मुलांना निजवते आहे. चुलीवरच्या भांड्यातले सशाचे कालवण तो चाखून पाहतो, मीठ कमी वाटते, चिमूटभर टाकतो. थोड्या वेळाने ती ताट वाढते तेव्हा तो म्हणतो की चव छान जमली आहे, आणि तिला बरे वाटते. नटाला या प्रवेशात सारे प्रॉक्टरपण सापडू शकते. हा माणूस दुष्ट नाही, पण दिसणे सांभाळण्याची त्याला सवय लागली आहे. याच घरात, याच संध्याकाळी एलिझाबेथ त्याला सांगते की चौदा जण तुरुंगात आहेत, सेलमला जा आणि जिच्याशी तुझे संबंध होते त्या आपल्या जुन्या मोलकरणीचे, ॲबिगेलचे, ढोंग उघड कर. प्रॉक्टरला हे आठ दिवसांपूर्वीच ठाऊक होते. चेटूक वगैरे काही नव्हते, आम्ही रानात नाचत होतो, असे ॲबिगेलने त्याला पहिल्याच अंकात स्वतः सांगितले आहे. तो बोलला नाही, कारण तिने ते कधी आणि कुठे सांगितले हे विचारले गेले असते आणि आपण तिच्याबरोबर खोलीत एकटे होतो हे सांगावे लागले असते. तो चालढकल करत असतानाच त्यांची मोलकरीण आणि आरोप करणाऱ्या मुलींतली एक, मेरी वॉरन, घरी येऊन सांगते की आता एकोणचाळीस जण झाले. चौदा ते एकोणचाळीस हे अंतर प्रॉक्टरच्या अब्रूच्या हिशेबात मांडायला हवे. त्याचे पाप त्याच्या पत्नीपुरते होते. त्याच्या मौनाची झळ साऱ्या गावाला बसली.

म्हणून तिसऱ्या अंकात तो भर न्यायालयात आपला व्यभिचार स्वतःच्या तोंडाने सांगतो, तो क्षण मला शेवटच्या अंकाहून मोठा वाटतो. त्याआधी न्यायाधीश डॅनफर्थ त्याच्यापुढे सुटकेची वाट ठेवतो. अटकेत असलेली तुझी बायको गरोदर आहे, वर्षभर तिला धोका नाही, मग फिर्याद मागे घे. प्रॉक्टर थांबत नाही, कारण मित्रांच्या बायकाही आत आहेत. बदल इथेच झालेला आहे. आणि अब्रू त्याने अंगावरून उतरवून फेकल्याबरोबर मिलर काय करतो? त्याच्या कबुलीची खातरजमा करायला एलिझाबेथला बोलावतो. जी कधी खोटे बोलत नाही ती बाई त्या दिवशी नवऱ्याची अब्रू वाचवायला एकच खोटे बोलते आणि तेच खोटे त्याला तुरुंगात घालते. अब्रू किती विषारी असू शकते, हे याहून स्पष्ट कसे दाखवायचे? याच अंकात मेरी वॉरनला सांगतात की पूर्वी ढोंग करून बेशुद्ध पडत होतीस ना, मग आता पडून दाखव. तिला ते जमत नाही. आसपास किंचाळणाऱ्या मैत्रिणी नाहीत, गर्दीची ऊब नाही, मग शरीरही साथ देत नाही. थोड्या वेळाने त्याच मैत्रिणी छपराकडे बोट दाखवून पक्षी दिसल्याचा कांगावा करतात आणि मेरी पुन्हा त्यांच्यात जाऊन मिळते. सुधारलेले माणूस परत कोसळू शकते, हे या नाटकाला पुरते ठाऊक आहे. व्यक्तिरेखेचा आलेख चढताच असावा, असा हट्ट धरणाऱ्यांनी मेरीकडे पाहावे.

पाद्री हेलचा आलेख तर आपण सरसकट चुकीचा काढतो. जाडजूड ग्रंथ घेऊन आलेला विद्वान शेवटी न्यायालयाचा धिक्कार करतो, म्हणून त्याला जागा झालेला विवेक म्हणायची पद्धत पडली आहे. त्याला सत्य कळते, यात शंका नाही. पण नाटकात हाच हेल फाशीच्या बहात्तर हुकुमांवर सही केल्याचे सांगतो आणि चौथ्या अंकात कैद्यांना विनवतो की खोटी कबुली द्या आणि जगा. ज्याने बहात्तर सह्या केल्या त्याला त्र्याहत्तरावी सही क्षुल्लक वाटते. इतिहासातला जॉन हेलही खटल्यांना पाठिंबा देत होता आणि त्याच्या स्वतःच्या पत्नीवर आरोप आला तेव्हा त्याचे मत फिरले. पुढे त्याने त्या चुकीबद्दल पुस्तक लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १७०२ मध्ये छापले गेले. विद्वत्तेने माणूस आपोआप शहाणा होतो, असे मानणाऱ्या आपल्या संमेलनांनी हेलला जपून वाचावे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गरोदर बायको आणि तीन मुलगे मागे टाकून नावासाठी मरणे हा अहंकार नव्हे काय? हेलचा युक्तिवाद हाच आहे. पण चौथ्या अंकाचा क्रम नीट पाहा. आपण संत नाही, सोबत फासावर जाणाऱ्या धर्मनिष्ठ रिबेका नर्ससारखे ताठ मानेने मरणे आपल्याला शोभणार नाही, असे प्रॉक्टर स्वतः म्हणतो आणि कबुली देतो. महात्मा होण्याची ऑफर तो पहिल्या झटक्यात नाकारतो. दुसऱ्यांची नावे सांगायला नकार देतो, तरीही सही करतो. एवढ्यापर्यंत जीव वाचतो आहे आणि त्याची तयारीही आहे. तो अडतो तो कागद द्यायच्या वेळी, कारण तो कागद चर्चच्या दारावर ठोकला जाणार आणि त्याच सकाळी फासावर जाणाऱ्यांच्या विरुद्ध साक्ष म्हणून वापरला जाणार. तोंडचे खोटे त्याच्यापुरते राहिले असते. सहीचे खोटे शेजाऱ्यांच्या गळ्यातला दोर आवळते. अहंकारी माणूस आपल्या मोठेपणासाठी अडतो, प्रॉक्टर दुसऱ्यांवर ओझे पडताना अडतो. आणि एलिझाबेथ त्याला काही सुचवत नाही, आपल्या घराच्या थंडपणाचा वाटा ती आपल्याकडे घेते आणि निर्णय त्याचा त्याला करू देते. जिने दुसऱ्या अंकात त्याला सतत तोलले, तिचे हे न तोलणे हाही बदल आहे आणि आपण त्याची दखलच घेत नाही.

दुसरा आक्षेप जुना आहे. चेटकिणी नसतात, पण कम्युनिस्ट होते, मग तुलना लागू कशी होते? मिलर १९५२ मध्ये सेलमची कागदपत्रे पाहायला गेला, त्याच वर्षी त्याचा मित्र दिग्दर्शक इलिया कझान याने अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या, कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे जुन्या सहकाऱ्यांची नावे दिली होती. ही समिती मॅकार्थीची नव्हती, तो सिनेटर होता, हेही आपण विसरतो. समितीपुढे प्रश्न आरोप खरा की खोटा एवढाच नव्हता. स्वतःबद्दल सांगितलेले पुरत नव्हते, इतरांची नावे दिल्याशिवाय सुटका नव्हती. २२ जानेवारी १९५३ ला नाटक न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आले, आणि २१ जून १९५६ ला खुद्द मिलर त्याच समितीपुढे उभा राहिला. स्वतःबद्दल तो बोलला, दुसऱ्यांची नावे त्याने दिली नाहीत. शिक्षा झाली, ती १९५८ मध्ये अपिलात रद्द झाली. म्हणजे प्रॉक्टरला त्याने आधी लिहिले आणि तसे वागायची वेळ त्याच्यावर नंतर आली. रूपक म्हणून नाटक निकालात काढणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी हार मानतो. खरी ॲबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची होती, खरा प्रॉक्टर साठीचा. त्यांच्यातले प्रेमप्रकरण मिलरने रचले, तिचे वय वाढवले, त्याचे कमी केले आणि गावाच्या पापाचा मोठा भार एका मोलकरीण मुलीवर टाकला. आईबापांना डोळ्यांदेखत मारताना तिने पाहिले, हे ती एकदाच सांगते आणि नाटक ते विसरून जाते. तिला बदलायची संधीच नाही. खऱ्या प्रॉक्टरला पापाची गरजही नव्हती. त्याने जुलै १६९२ मध्ये तुरुंगातून बॉस्टनच्या धर्मगुरूंना पत्र लिहून मुलांचा छळ करून कबुल्या काढल्या जात असल्याचे सांगितले, खटले बॉस्टनला हलवा अशी मागणी केली आणि १९ ऑगस्टला तो फासावर गेला. आणि नाव जपणे हा जमीनजुमला असलेल्या, सही करू शकणाऱ्या पुरुषाचाच अधिकार होता. गुलाम टिट्यूबाला फटक्यांची धमकी देतात आणि ती हवे ते कबूल करते. तिला कसले नाव जपायचे होते? आपल्या रंगभूमीवर १९६७ मध्ये तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये बेणारेबाईची अब्रू सहकारी खेळ म्हणून फाडतात. तिच्यापुढे सहीचा कागद कोणी ठेवतच नाही आणि तिचे सगळे बोलणे कोणाच्या कानी पडत नाही. नंदुरबारकडच्या सातपुड्यात डाकीण ठरवून छळल्या गेलेल्या बायांनाही असा कागद कधी मिळाला नाही. त्यांच्यासाठी आधी जादूटोणाविरोधी कायदा व्हावा लागला. तो २०१३ मध्ये झाला, त्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर.

एवढे मान्य करूनही सहीबद्दलचे माझे म्हणणे मी सोडत नाही, आणि त्याचा पुरावा नाटकाबाहेर आहे. १६९२ च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणीने चेटूक केल्याची कबुली दिली. १६९३ च्या जानेवारीत तिला फाशीची शिक्षा ठोठावली गेली, फिप्सने ती स्थगित केली, आणि ती पुढे म्हातारी होऊन मेली. जीव वाचला, हे खरेच, आणि ते लहान नाही. १७११ मध्ये मॅसेच्युसेट्सने अनेकांना दोषमुक्त केले, २००१ मध्ये आणखी पाच बायांची नावे घेतली, पण तिचे नाव कागदावर तसेच राहिले. नॉर्थ अँडोव्हर गावातल्या आठवीच्या वर्गाने शिक्षिकेसह पाठपुरावा केला, तेव्हा २०२२ मध्ये ते पुसले गेले. तिच्या शिक्षेला तेव्हा ३२९ वर्षे झाली होती.