कोंबडीचा खुराक आणि परसातील वनस्पती

सौंसरच्या बाजारातून गावरान अंडी म्हणून घेतलेले अंडे घरी फोडावे आणि आतला बलक फिकट, जवळजवळ पांढुरका निघावा, म्हणजे गिऱ्हाइकाला आपण फसलो असे वाटते. पुढच्या खेपेस ते त्या बाईकडे फिरकत नाही. वास्तविक तिने कोणाला फसवलेले नसते. कोंबडी तिच्याच परसात वाढलेली असते. त्या दिवसांत घरात पांढरी ज्वारी आणि तांदळाची कणी होती, तीच कोंबडीच्या वाट्याला आली, आणि वैशाखाच्या उन्हात परसात हिरवे पान उरले नव्हते, एवढाच तिचा अपराध. दहा-बारा कोंबड्यांवर मीठ-मिरचीचा आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवणाऱ्या घराला असे एक-एक गिऱ्हाईक तुटणे परवडत नाही. तेव्हा श्रोतेहो, बलकाचा रंग हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही.

हा रंग कोंबडी स्वतः तयार करीत नाही, करूही शकत नाही. वनस्पतींत झँथोफिल नावाची पिवळी रंगद्रव्ये असतात, ती खाद्यातून तिच्या पोटात जातात आणि बलकातील स्निग्धांशात साठतात. पिवळ्या मक्यात ती असतात, पांढऱ्या ज्वारीत नसल्यासारखीच. सिल्लेवानीच्या घाटावर, छिंदवाड्याच्या पठारावर, मका मुबलक पिकतो. २०२३ मध्ये सौंसर तालुका छिंदवाडा जिल्ह्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला, तरी मका घाट उतरून खाली येण्याचे थांबले नाही. खुराकात निम्मा पिवळा मका असला तर बलकाची चिंता सहसा करावी लागत नाही. मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गडद बलक म्हणजे अधिक पौष्टिक अंडे, ही समजूत खरी नाही. त्यातील प्रथिने फिकट बलकाइतकीच असतात. गिऱ्हाईक रंगावर पैसे मोजते, म्हणून रंगाचा विचार करावयाचा.

मका महाग झाला, तर घरच्या घरी सर्वांत खात्रीचा उपाय झेंडूचा. झेंडूच्या पाकळ्यांत ल्यूटीन हे झँथोफिल इतके भरपूर असते की, दक्षिणेकडील राज्यांत त्याच्या अर्काचे कारखाने उभे राहिले आहेत आणि तो अर्क परदेशी कोंबड्यांच्या खाद्यातही जातो. आपल्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू भावाने विकला जातो, आणि दुसऱ्या दिवशी तोच बाजाराच्या कडेला ढिगांनी पडलेला दिसतो. हा उरलेला माल उचलावा. गाड्यांवर आणि दारांवर लावलेल्या माळा मात्र घेऊ नयेत, कारण त्यांना धूळ, धूर आणि कधी तारही चिकटलेली असते. ज्या फुलांवर कीटकनाशकाची फवारणी नुकतीच झाली आहे, तीही वर्ज्य. पाकळ्या सुट्या करून सावलीतच वाळवाव्या, उन्हात त्यांतील रंगद्रव्य उडून जाते. मग त्या कुटून घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवाव्या. शंभर किलो खाद्याला अर्धा ते एक किलो भुकटी हे प्रमाण पुरे होते. दहा कोंबड्या दिवसाला सुमारे एक किलो खाद्य खातात. म्हणजे त्यांना पाच-दहा ग्रॅम, फार तर दोन चमचे.

पुष्कळ घरांत याच कामासाठी हळद घातली जाते. हळदीचे इतर गुण काहीही असोत, पिवळा हात पाहून पिवळ्या बलकाची आशा धरणे व्यर्थ आहे. हळदीतील कर्क्युमिन हे झँथोफिल नव्हे आणि ते बलकात फारसे उतरत नाही. लाल मिरचीचे तसे नाही. तिच्या सालीतील लाल रंगद्रव्य बलकात उतरते आणि त्याला केशरी छटा आणते. कोंबडीला तिखट लागणार नाही काय, असा प्रश्न शाळेतले मूलही विचारील. त्याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. तिखटपणाची जाणीव करून देणारा चेतातंतूवरील ग्राहक पक्ष्यांतही असतो, परंतु मिरचीतील तिखट द्रव्याला तो दाद देत नाही, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. रानातली मिरची पक्ष्यांनी खावी आणि बी दूर नेऊन टाकावे, ही योजना त्यामुळेच साधते. तथापि मिरची चिमूटभरच घालावी, नाहीतर बलक तांबडा होतो आणि गिऱ्हाईक वेगळ्याच शंकेने अंडे परत आणते.

शेवगा प्रत्येक परसात असतो. त्याचा वाळलेला पाला प्रथिनांनी समृद्ध आहे, वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास प्रथिने त्यात असतात, आणि रंगद्रव्यही चांगले. शंभरात पाच भागांपर्यंत तो निःशंक द्यावा. त्यापेक्षा फार वाढवला की तंतूंमुळे पचन मंदावते व अंडी घटू लागतात. सुबाभळीच्या पाल्यानेही बलक छान पिवळा होतो, पण त्यात मिमोसीन नावाचे विष आहे. पाला देऊन अंडी बंद पडली आणि दोष कोंबडीच्या वयाला दिला, असे सहज घडू शकते.

‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबणाऱ्यांसाठी या भागातले सर्वांत बोलके उदाहरण सरकीचे आहे. सौंसर-पांढुर्ण्याकडे संत्र्याच्या जोडीला कापूस आहे, आणि कापूस तेथे सरकीची पेंड. गाईम्हशींना ती मानवते, म्हणून मूठभर कोंबड्यांपुढेही टाकली जाते. सरकीत गॉसिपॉल असते. ते बलकातील लोहाशी संयोग पावते, आणि ताजे असताना निर्दोष दिसणारे अंडे काही दिवस ठेवल्यावर फोडले, तर बलक हिरवट-तपकिरी निघतो. सरकीच्या तेलातील आणखी काही आम्लांमुळे पांढऱ्या भागाला गुलाबी झाक येते. विकणाऱ्या बाईने सकाळचे अंडे दिलेले असते, घेणाऱ्याने ते आठवडाभर ठेवलेले असते, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात! मोठ्या कारखान्यांत लोहाचा क्षार मिसळून गॉसिपॉल बांधून टाकतात. घरी ते मोजमाप जमणारे नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीला सरकीची पेंड न देणेच बरे.

भुईमुगाची पेंड चांगली, पण पावसाळ्यात ती बुरसली तर जीवघेणी. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोधाअंती भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, हाती लागले. वास आलेली पेंड वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह मोठा असतो, पण वाळवल्याने किंवा भाजल्याने हे विष पुरते जात नाही.

आता औषधी वनस्पतींविषयी. गेल्या शतकाच्या मध्यापासून जगभर कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविके थोडथोडी मिसळण्याची रीत पडली. त्यामुळे वाढ झपाट्याने होते असे दिसले. मात्र त्याबरोबर औषधाला न जुमानणारे जंतूही पोसले गेले. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके घालण्यास बंदी केली. भारताने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिनचा वापर कोंबड्या व इतर खाद्योपयोगी प्राण्यांत निषिद्ध ठरवला. माणसाच्या अखेरच्या आजारात डॉक्टर ज्या औषधाकडे वळतात, ते कुक्कुटखाद्यात वाया घालवणे केव्हाही शहाणपणाचे नव्हते. त्या बंदीनंतर युरोपात ज्या वनस्पतिजन्य द्रव्यांना मागणी आली, त्यांत थायमॉल प्रमुख आहे, आणि आपल्या ओव्याच्या तेलाचा मुख्य घटक तोच होय. थायमॉल जंतूंच्या आवरणाला इजा करते. लसणाचाही असाच उपयोग सांगतात. हे सर्व पोटाला थोडा हातभार लावणारे आहे. मानमोडी आल्यावर ओव्याची धुरी देत बसणाऱ्याचे डालगे रिकामे होते, तिथे लसच हवी, आणि तीही रोग येण्यापूर्वी.

संत्र्याची वाळलेली साल अल्प प्रमाणात चालते, बिया मात्र काढून टाकाव्या, त्यांतील कडू लिमोनिन कोंबड्यांना बाधते. जवस दिल्याने बलकातील स्निग्धांश हृदयाला हितकर असा बदलतो. अती झाले तर अंड्याला मासळीसारखा वास येतो.

कवच पातळ येत असेल, तर कोणताही पाला त्याला पुरा पडणार नाही. एका कवचात दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि ते बहुतांशी रात्री चढते. म्हणून संध्याकाळी शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. जिला हवा ती कोंबडी तो टिपते.

झेंडू सुरू केल्यावर दुसऱ्याच दिवशी अंडे फोडून निराश होऊ नये. बलक आठ-दहा दिवस थरावर थर चढून भरतो, आणि नवे रंगद्रव्य बाहेरच्या थरांपासून दिसू लागते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या दिवशी खूण करावी, आणि दहाव्या दिवशीचे अंडे पांढऱ्या बशीत फोडून पाहावे.