सायकलची वाट आणि वाचनालयाचे दार

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी सायकलवर व्याख्यान व्हावे, हे कित्येकांना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु ग्रंथसंग्रह कितीही समृद्ध असला, तरी वाचक त्याच्यापर्यंत पोहोचतो कसा, या प्रश्नाशी वाचनालयाचे जीवित निगडित असते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची आपली पाच सूत्रे १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. त्याच वर्षी तामिळ मुलखातील मन्नारगुडी येथून पुस्तकांनी भरलेली बैलगाडी गावोगाव हिंडू लागली. वाचक आणि पुस्तक यांमधील अंतर मिटविणे हे ग्रंथालयाचेच कर्तव्य होय, हा विचार त्यामागे होता. घरी मोटार नाही आणि स्कूटर चालविण्याचे वय नाही, अशा शाळकरी वाचकाला हे अंतर स्वतःच्या बळावर तोडून देणारे वाहन म्हणजे सायकल.

सायकलींचा देश म्हटला की हॉलंड, अर्थात नेदरलँड्सचे नाव प्रथम येते. सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोकवस्तीच्या या देशात सायकलींची संख्या दोन कोटींहून अधिक आहे. २०१० ते २०२४ या काळात पंतप्रधानपद भूषविणारे मार्क रुट्टे कार्यालयात अनेकदा सायकलने जात. उत्रेख्त शहराच्या रेल्वे स्थानकाखाली साडेबारा हजार सायकली ठेवण्याची सोय २०१९ मध्ये पूर्ण झाली. तेथील मुले अकरा-बारा वर्षांची झाली की वाहतुकीच्या नियमांची परीक्षा देतात आणि पुढे एकटीच शाळेत जातात. विशेष म्हणजे, तेथे सर्रास दिसणारी काळी, उंच हँडलची, कॅरिअर आणि चेनकव्हर असलेली सायकल आपल्याकडच्या जुन्या सायकलीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. दोघींचेही मूळ जुन्या इंग्रजी सायकलीत आहे.

हे वैभव त्या देशाला निसर्गाने बहाल केले, असा आपल्याकडे समज आहे. भूमी सपाट, म्हणून सायकली, असे म्हटले जाते. हे अर्धसत्य होय. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींचा पूर आला, रस्ते मोटारींसाठी रुंद झाले आणि सायकलस्वार कडेला फेकला गेला. १९७१ या एका वर्षात वाहन अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. शाळेच्या वाटेवर कन्या गमावलेल्या एका पत्रकाराने त्याविरुद्ध लेखणी उचलली. त्या लेखातून ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची चळवळ १९७३ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी खनिज तेलाची टंचाई उद्भवली आणि ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार मोटारी बंद ठेवण्यात आल्या. रिकाम्या रस्त्यांवर मुलांना खेळताना पाहून, आपण काय गमावले होते, हे लोकांना उमगले.

त्यानंतरचे कार्य धीमे, परंतु चिकाटीचे होते. टिलबर्ग आणि हेग येथे शासनाने प्रायोगिक सायकलमार्ग बांधले. ग्रोनिंगन शहराने १९७७ मध्ये शहराचा मध्यभाग चार विभागांत वाटून मोटारींना एका विभागातून थेट दुसऱ्यात जाण्यास मज्जाव केला. सायकलला मात्र मुभा राहिली. मोटार आणि सायकल यांची टक्कर झाल्यास नुकसानभरपाईचा मुख्य भार सामान्यतः मोटारचालकावर पडावा, अशी तजवीज कायद्याने केली. यावरून एकच गोष्ट स्पष्ट होते : सायकलस्नेही देश हा निर्णयाने घडविला जातो.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. गोव्यात सायकल परकी कधीच नव्हती. पहाटे आणि सायंकाळी रबरी भोंगा वाजवीत, मागे बांबूची मोठी टोपली बांधून दारोदार पाव पोहोचविणारा पदेर आजही सायकलवरच येतो. पेडणे महालातील केरी, हरमल, मांद्रे, मोरजी हा किनारपट्टा बराचसा सखल आहे. धारगळ-मोप्याच्या बाजूला सडा आणि चढ आहेत, तेथे सायकल हाती धरून चालावे लागते, हे खरे. पण डिचोलीहून साखळी दहा किलोमीटरांच्या आतच आहे, मये त्याहूनही जवळ. पावसाळ्याचे चार महिने कठीण असतात, हेही मान्य. उरलेल्या आठ महिन्यांचे काय?

तरीही मुलांच्या हातून सायकल सुटली, ती अंतरामुळे नव्हे, भयामुळे. डिचोली महालात लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांनी रस्ते व्यापले. खाणीपासून सारमानससारख्या नदीकाठच्या धक्क्यांपर्यंत त्यांची रांग लागे आणि तांबड्या धुळीत पादचाऱ्यालाही उभे राहणे अशक्य होई. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे मर्यादित प्रमाणात सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खननास नव्याने आरंभ झाला. पेडणे महालात राष्ट्रीय महामार्ग रुंदावला. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि वाहनांची वर्दळ आणखी वाढली. खाण आणि विमानतळ यांनी अनेकांच्या चुली पेटविल्या, हे नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु त्या रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या मुलीसाठी चार फूट जागा राखून ठेवण्याचा विचार मागे पडला, हेही तितकेच सत्य आहे.

शाळेची वाट ‘बालरथ’ गाड्यांनी पुष्कळ सुकर केली. पण बालरथ मुलाला घरी सोडतो आणि तेथेच त्याचा दिवस मिटतो. सायंकाळी पुस्तक बदलावे, मासिक चाळावे, असे त्या मुलाला वाटले, तर कोणीतरी मोठ्याने स्कूटरवरून नेऊन आणावे लागते. मोठ्यांना सवड नसते. वाचनालयात तरुण वाचक येत नाहीत, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिची कारणे दूरदर्शन आणि मोबाइल यांत शोधली जातात. ती तेथे आहेतही. पण मुलाला एकट्याने येण्याजोगी वाट उरली आहे काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

सायकल आणि साक्षरता यांचे नाते कल्पित नाही. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत सहस्रावधी ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहार शासनाने २००६ पासून माध्यमिक शाळेतील मुलींना सायकली दिल्या. त्यामुळे शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण लक्षणीय वाढले, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पायाखाली पायडल आले की मुलीचे जग घराच्या उंबऱ्यापलीकडे विस्तारते.

मग शताब्दीनिमित्त काय करता येईल? हॉलंडची नक्कल येथे होणार नाही आणि ती करण्याचे कारणही नाही. वाचनालयाभोवतीचे दोन-तीन किलोमीटरांचे वर्तुळ आधी घ्यावे. त्यातील शाळांना जोडणाऱ्या वाटा पाहाव्यात. कोठे वळण आंधळे आहे, कोठे गटार उघडे आहे, कोठे दिवा नाही, याची नोंद करावी. ती नोंद ग्रामसभेपुढे आणि नगरपालिकेपुढे ठेवावी. शाळा सुटण्याच्या वेळी अवजड वाहने थांबवावीत, वाहनांचा वेग कमी करावा, रस्त्याची कड सायकलसाठी आखून द्यावी, ही मागणी करावी. आणि वाचनालयाच्या आवारात, मोटारींच्या जागेआधी, छप्पर असलेला सायकल-स्टँड उभारावा. हा खर्च एका सत्कार समारंभाहून अधिक होणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी गावोगावी वाचनालये स्थापिली, त्यांनी परकीय राजवटीत मराठी अक्षराची वाट मोकळी केली. ती वाट पुढच्या पिढीच्या पायांखाली राहावी, दहा-बारा वर्षांच्या मुलाने संध्याकाळी एकट्याने सायकल काढावी, पुस्तक कॅरिअरला लावावे आणि दिवेलागणीपूर्वी सुखरूप घरी परतावे, एवढी काळजी आपण घेतली, तरी शताब्दी सार्थकी लागली असे म्हणता येईल.