घरी परतल्यानंतर

चेन्नईहून दक्षिणेस महाबलीपुरमकडे जाऊ लागले म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर कोवलम नावाचे कोळ्यांचे गाव लागते. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी आणि पूर्वसमुद्रावरून येणारा वारा यांमुळे शहरात थकलेल्या माणसास तेथे दोन दिवस बरे वाटते. अशा एखाद्या गावी नेऊन ठेवले म्हणजे घरातील मद्यपी माणूस सुधारेल, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. कोणी त्याला कोकणातल्या आजोळी धाडतो, कोणी तीर्थक्षेत्री नेतो, कोणी दूरच्या भावाच्या बिऱ्हाडी ठेवतो. महिनाभरात चेहऱ्यावर तजेला येतो; आणि परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत तोच माणूस पुन्हा त्याच गुत्त्याची पायरी चढतो. मग घरची माणसे म्हणतात, ‘याच्या मनातच नाही.’

या निदानातील चूक आपणांपुढे मांडावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

वर्षानुवर्षे मद्य घेणाऱ्याचा मेंदू त्या मद्याशी जुळवून घेतो. ते एकाएकी तोडले तर काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते. तर काहींना दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होऊन प्राणावर बेतते. म्हणून रोज पुष्कळ पिणाऱ्या माणसास खोलीत कोंडून ‘आता सोड’ म्हणणे हा उपाय घातक ठरू शकतो. रुग्णालयात ही अवस्था औषधांनी सुसह्य करतात, ब-१ जीवनसत्त्व देतात आणि यकृताची तपासणी करतात. गर्दच्या, म्हणजे अशुद्ध हेरॉइनच्या, व्यसनात धोका निराळ्या जागी असतो. ते सुटताना यातना भयंकर होतात, पण सहसा जीव जात नाही. मात्र काही आठवडे त्यापासून दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती घटलेली असते. पूर्वीच्याच मात्रेने ते पुन्हा घेतले तर मृत्यू ओढवू शकतो. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे दिवस म्हणूनच फार जपावे लागतात.

शरीरातील विष उतरण्यास बहुधा आठ-दहा दिवस पुरतात. मनातील ओढ मात्र तशीच राहते. संध्याकाळ झाली, पगाराचा दिवस आला, भावाशी खटका उडाला, की ती डोके वर काढते. हवापालट अपुरा पडतो तो येथेच. ज्या प्रसंगांनी हात पेल्याकडे जातो, ते प्रसंग कोवलमच्या किनाऱ्यावर नसतात. ते आपल्या घरी, आपल्या गल्लीत वाट पाहत असतात.

ही गोष्ट ज्यांनी स्वतःच्या दुःखातून जाणली, अशा एक बाई चेन्नईतच आहेत. माजी केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या घराण्यातील टी. टी. रंगनाथन यांचा १९७९ मध्ये मद्यपानापायी ऐन तारुण्यात अंत झाला. त्यांच्या पत्नी शांती रंगनाथन यांनी अमेरिकेतील हेझल्डन या संस्थेत या उपचाराचे शिक्षण घेतले आणि १९८० मध्ये पतीच्या नावाने संस्था स्थापन केली. तिचेच पुढे टी.टी.के. रुग्णालय झाले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबीयांसाठीही स्वतंत्र कार्यक्रम ठेवला गेला. कारण वर्षानुवर्षे व्यसनाशी झगडताना पत्नी, आई आणि मुले हीदेखील आजारी होऊन गेलेली असतात. ज्या तंजावरशी मराठी माणसाचे जुने नाते आहे, त्याच मुलखातील मंजक्कुडी या खेड्यात १९८९ मध्ये संस्थेने शिबिर भरविले आणि उपचार रुग्णाच्या गावापर्यंत नेला.

आपल्या पुण्यातही अशीच जाणीव जागी झाली. शहरातील गर्दचे व्यसन पाहून डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मदतीचा हात पुढे केला. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यास ‘मुक्तांगण’ सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याची घडी बसविली. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे नव्या रुग्णांचे समुपदेशन करू लागली. रुग्ण घरी गेल्यावर त्याने ठराविक दिवशी येऊन भेटावे, आपले बरेवाईट सांगावे, हा उपचाराचाच भाग मानला गेला. रुग्णांच्या पत्नींचाही ‘सहचरी’ नावाचा गट झाला.

घरी परतलेल्या माणसाचे काय होते, हे मराठी रंगभूमीने फार पूर्वी दाखविले आहे. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. पहिला पेला हातात घेणारा सुधाकर आपणा सर्वांच्या स्मरणात असतो. परंतु मध्यंतरी दारू सोडून कामधंदा शोधू पाहणारा सुधाकर आपण विसरतो. जुने परिचित त्याला दारात उभे करीत नाहीत, आणि अपमानाने पोळलेला तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. तळीरामाला दोष देऊन आपण मोकळे होतो. प्रतिष्ठित मंडळींच्या बंद दारांचा हिशेब मात्र कोणी करीत नाही.

मग घरच्यांनी करावे तरी काय? परतलेल्या माणसाच्या तोंडाचा रोज वास घेऊ नये. तसेच पहिल्याच आठवड्यात सगळा पगार त्याच्या हाती देऊन त्याची परीक्षाही पाहू नये. त्याची संध्याकाळ रिकामी राहणार नाही, असे पाहावे. डॉक्टरांनी ओढ कमी करणारे औषध दिले असेल, तर ‘बरा झालास, आता कशाला?’ म्हणून ते बंद करू नये. गर्दच्या रुग्णास बुप्रेनॉर्फिनसारखे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. मधुमेह्याच्या इन्शुलिनला आपण व्यसन म्हणत नाही, तद्वत् यालाही म्हणू नये. दारू न विचारता पोटात जाईल अशी औषधे चहातून देणाऱ्यांपासून दूर राहावे. आणि एखादे दिवशी पाऊल घसरलेच, तर ‘सगळे पाण्यात गेले’ असा टाहो न फोडता दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन रुग्णालयात जावे. दमा किंवा मधुमेह उलटला तर आपण दुसरे काय करतो?

२०१९ मध्ये भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यामुळे ज्यांना मदतीची गरज आहे, अशा भारतीयांची संख्या सुमारे ५ कोटी ७० लाख भरते. पूर्णपणे मद्याच्या अधीन झालेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे, आणि १८० जणांत एकालाच रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाल्याचे त्या पाहणीत आढळले. पहिली पायरी कोठे आहे, हेच बहुतेकांना ठाऊक नसते. १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर ती विचारता येते.

त्या १८० जणांतला एखादा उद्या आपल्या कचेरीत, कारखान्यात किंवा चाळीत परत येईल. त्याला कोणी काम द्यावयाचे, कोणी चहाला बोलवावयाचे, आणि लग्नाच्या पंगतीनंतर ‘एक घोट घेतल्याने काय होते’ म्हणणाऱ्याला कोणी गप्प करावयाचे, हे कोणत्याही रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेले नसते. डॉक्टरांचे काम त्यांनी केलेले असते. उरलेले काम आपले आहे.