आधी पाटी वाचा, मग यंत्र घ्या

लोखंडी पत्र्याचे मोर, दिवे, वारली चित्रांच्या जाळ्या, दारावरच्या नावाच्या पाट्या, अशी कामे घरच्या पडवीत करणारे आता पुष्कळ झाले आहेत. तुमच्यापैकीही काहींच्या मनात तसे आहे. म्हणून आज आपण वेल्डिंगचे यंत्र आणि पत्रा कापायचा प्लाझ्मा कटर यांविषयी बोलू.

दुकानात गेलेला माणूस आधी काय विचारतो? "सगळ्यांत मोठं मशीन कोणतं?" आम्ही म्हणतो, दुकानात जाऊच नका. आधी घरी बसा आणि विजेचे बिल काढा. त्यावर 'मंजूर भार' असे छापलेले असते. पुढचा आकडा वाचा. एक किलोवॅट असेल, दोन असेल. तुमच्या घराला तेवढीच वीज मंजूर आहे.

आमच्या ओळखीच्या एका कारागिराने बायकोची पाटली गहाण टाकून मोठा प्लाझ्मा कटर आणला. घरी जोडला आणि खटका पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. यंत्र चांगले होते, घरची वीज अपुरी होती. कित्येक महिने ते गोणपाटाखाली पडून राहिले, आणि पाटलीचे व्याज मात्र चढत गेले.

तेव्हा यंत्राच्या पाठीवरची पाटी वाचायची. ती इंग्रजीत असते, असू द्या. अक्षरे मुलाकडून, मुलीकडून वाचून घ्या. 'आय' या अक्षराच्या पायाशी बारीक १ असतो, तिथला आकडा म्हणजे यंत्र मीटरकडून किती करंट ओढते तो. पायाशी २ असेल, तर तो रॉडपर्यंत पोचणारा करंट. विकणारा दुसराच आकडा सांगतो. "दोनशेचं मशीन आहे, साहेब!" पण रॉडवर १०० ॲम्पियर करंट हवा असेल, तर साधारण इन्व्हर्टर यंत्र २३० व्होल्टच्या घरच्या लाइनीतून १५ ते २० ॲम्पियर ओढते. घरातला मोठा सॉकेट असतो १६ ॲम्पियरचा. म्हणून जाड तार, वेगळा खटका आणि पक्के अर्थिंग आधी करून घ्या. घरात धंदा करायचा तर कोणती जोडणी घ्यावी, तेही वीज कंपनीच्या कचेरीत विचारा.

पाटीवर 'एक्स'समोर टक्के लिहिलेले असतात. ४० टक्के म्हणजे १० मिनिटांत ४ मिनिटे काम आणि ६ मिनिटे विसावा. बैलालासुद्धा आपण दम खाऊ देतो!

आता पत्रा. कलाकुसरीला बहुधा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा लागतो. रॉडच्या वेल्डिंगने त्याला भोक पडायला वेळ लागत नाही. बारीक रॉड घ्या, करंट कमी ठेवा आणि टाका-टाका घालत जा, तर जमते. मिग यंत्रात ०.८ मिलिमीटरची तार आपोआप पुढे सरकते, त्यामुळे पातळ पत्र्याचे काम सोपे होते. पण त्याला गॅसची टाकी लागते, आणि उघड्या अंगणात वारा तो गॅस उडवून नेतो. पत्र्याचेच काम करणार असाल, तर आमचे मत मिगकडे. गज, अँगल, भंगारातल्या साखळ्या जोडणार असाल, तर साधे रॉडचे इन्व्हर्टर यंत्र पुरे.

प्लाझ्मा कटरचे काम मोठे गमतीचे. बारीक तोंडातून दाबाची हवा सुटते, तिच्यातून वीज जाते, आणि ती हवा इतकी तापते की धातू वितळतो. हवेचा झोत तो वितळलेला धातू खाली उडवतो. वीज वाहणारा कोणताही धातू त्याने कापता येतो. लोखंड तर झालेच, पण स्टेनलेस, ॲल्युमिनियम, तांबेही. जाळी किंवा गंजका पत्रा कापायचा असेल, तर 'पायलट आर्क' आहे का ते विचारा. त्यात तोंड धातूला टेकवावे लागत नाही. मात्र कटरबरोबर काँप्रेसर हवाच. त्याची वीज वेगळी मोजा. हवेत पाणी राहिले तर काप खरबरीत येतो आणि नोझल लवकर जाते. म्हणून पाणी गाळणारी बाटली लावा. नोझल झिजायचेच, ते जवळच्या बाजारात मिळते का, हे यंत्राच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहे.

खरे सांगायचे तर आम्ही कटर पहिल्या वर्षी घेऊ नका असेच म्हणू. एकाच नमुन्याचे पन्नास मोर हवे असतील, तर लेझरवाल्याकडून कापून आणा आणि जोडकाम घरी करा. हातची वळणे रोज कापायची वेळ आली, की मग कटर घ्या.

वाचलेल्या पैशांतून १० किंवा ११ नंबरच्या काचेचा मुखवटा, चामड्याचे हातमोजे आणि पायभर बूट घ्या. उघड्या डोळ्याने ठिणगी पाहिली, तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. पडवीत पोरेबाळे असतात, आडपडदा लावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जाळला, तर त्याच्या धुराने काही तासांनी थंडी-ताप येतो. गूळ खाल्ला, दूध प्यायले की धूर बाधत नाही, असे कोणी सांगेल. गूळ खुशाल खा, पण तो मुलामा आधी घासून काढा आणि वारा खेळता ठेवा.

एवढे झाल्यावर मुंबईच्या नागदेवीला जा, की तुमच्या तालुक्याच्या पेठेत. जाताना आपला पत्र्याचा तुकडा बरोबर न्या. दुकानातच त्यावर टाका घालून पाहा. पक्की पावती घ्या, आणि यंत्राच्या पाटीवरचा नंबर तिच्यावर लिहवून घ्या.