जुन्या हत्यारांची पारख

पुण्यास बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, किंवा मुंबईच्या चोरबाजारातील गल्ल्यांत, पितळी कुलुपे, तुटके पंखे आणि मोटारींचे सुटे भाग यांच्या राशीत कधी एखादा लोखंडी रंधा अथवा मूठ हरवलेली पटाशी पडलेली असते. आणि येणाराजाणारा तिला भंगार समजून ओलांडून जात असला, तरी ज्याने आयुष्यात एकदा तरी चांगल्या पोलादाला धार लावली आहे, त्याचे पाऊल तेथे थबकल्यावाचून राहत नाही.

त्या पोलादाची कुळकथा ऐकण्याजोगी आहे. इ. स. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या इंग्रज घड्याळजीने, कमानींसाठी एकजिनसी पोलाद मिळेना म्हणून, ते मुशीत घालून कोकच्या प्रखर आचेवर वितळविण्याची रीत सिद्ध केली, आणि शेफील्ड शहराच्या पुढील कीर्तीचा पाया त्या मुशींत घातला गेला. जुन्या पटाशीवर वा करवतीवर ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरे ठोकलेली आढळतात, ती याच पोलादाची निशाणी होय. हा जिन्नस महाग, म्हणून कारागीर पुष्कळदा पात्याचे अंग साध्या लोखंडाचे ठेवून केवळ धारेच्या बाजूस पोलादाचा थर तापवून व ठोकून एकजीव करीत. असे पाते घासून उजेडात तिरपे धरले, तर दोन धातूंचा सांधा आजही दिसतो.

गंज पाहून मागे फिरू नये. वरवरचा तांबडा गंज रॉकेलमध्ये भिजवून घासला म्हणजे निघतो. परंतु पात्याच्या सपाट पाठीवर, ऐन धारेलगत, खोल खड्डे पडले असतील, तर ते पाते सोडावे, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभाग जेथे मिळतात ती रेषा, आणि त्यांपैकी एक खड्ड्यांनी भरलेला असला, तर दुसरा कितीही घासला तरी ती रेषा अखंड येत नाही. धारेपाशी निळसर झाक दिसली, तर कोणी तरी घाईने चाकावर धरून पोलादाचे पाणी उतरविले आहे असे समजावे, व तेवढा भाग झिजवून टाकल्यावर पोलाद किती उरते याचा अदमास घ्यावा. रंध्याचे पाते काढून त्याच्या बिडाच्या अंगावर टिचकी मारावी. अखंड बीड खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. मोडक्या मुठीची मात्र चिंता नको, शिसवाची नवी मूठ कोणताही सुतार बसवून देतो.

इंग्लंडातील सुतार आपल्या लाकडी रंध्याच्या पुढल्या टोकावर स्वतःचे नाव ठोकीत, आणि हत्यार हातोहात गेले म्हणजे एकाखाली एक अशी नावे साठत. मालकी हक्काचा इतका प्रामाणिक दाखला मी कोणत्याही दप्तरात पाहिलेला नाही. काही शौकीन अशी हत्यारे दिवाणखान्यात टांगतात. मला ते रुचत नाही. ज्या पात्यात अजून बोटभर पोलाद शिल्लक आहे, त्याची जागा सुताराच्या ठोकळ्यावर आहे.

माझी विनंती घेणाऱ्यांस नसून विकणाऱ्यांस आहे. घरातील वृद्ध सुतार निवर्तला, की त्याची पेटी काट्यावर चढते आणि पटाश्या, वाकस, गिरमिटे, खतावणी सारे लोखंडाच्या भावाने जाते. तसे करण्यापूर्वी गावातील एखाद्या कामकरी सुतारास बोलावून पेटी त्याच्यापुढे उघडावी, त्याच्या हाताला जे बसेल ते त्यास माफक किमतीत घेऊ द्यावे, आणि मग उरेल ते खुशाल भंगारात घालावे.