पोरीच्या डोक्याला मार लागला तर

मी पस्तीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली. आता घरी बसून नातीचे डबे भरते. आज बोलायला बसले त्याला कारण झालं एका बचत गटाच्या बैठकीचं. हप्त्यांचा हिशोब झाला, चहा आला, आणि एका बाईनं हळूच विचारलं, "सिस्टर, शाळेत पोरींना कराटे शिकवून राहिले. माझी पोरगी जातो म्हणते. तिचा बाप म्हणते, डोक्यात लाथ बसली, मान मोडली, तर पुढं तिच्याशी लग्न कोण करीन? पाठवू का नको?"

निम्म्या जणी हसल्या, निम्म्या गप्प झाल्या. मला काही हसू आलं नाही, कारण हा मार आमच्या घरानं पाहिलेला आहे.

नात तेव्हा सातवीत होती. बेल्टची परीक्षा आठ दिवसांवर आली होती, म्हणून क्लासमध्ये रोज जोड्या लावून लढती चालायच्या. समोरची मुलगी दहावीतली, चांगली उंचनिंच. तिची लाथ आमच्या पोरीच्या कानशिलावर बसली. पोरगी पडली, लगेच उठली, "काही नाही झालं" म्हणाली आणि लढत पूर्ण केली. बेशुद्ध पडली नाही, रक्त आलं नाही, साधं टेंगूळसुद्धा नाही. घरी येऊन म्हणाली, डोकं दुखतंय. आणि मी, पस्तीस वर्षांची सिस्टर, तिला काय म्हणाले? "उन्हातून आलीस, पाणी पी अन् पड जरा."

जेवताना तिनं विचारलं, "आजी, आज कोणता वार?" म्हटलं, मंगळवार. दोन घास खाल्ले आणि पुन्हा तेच, "आज कोणता वार?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिची आई चिडली, मस्करी करते म्हणून. माझ्या हातातली भाकर मात्र हातातच राहिली. मग तिला ओकारी झाली. अर्ध्या तासात दुसरी. त्याच रात्री दवाखान्यात नेलं, सीटी स्कॅन झाला. आत रक्तस्राव नव्हता. मेंदूला हादरा बसला होता. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात.

हा हादरा म्हणजे काय ते सांगते. दह्याचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं माहेराहून यायचं, हे आपण सगळ्यांनी केलंय. डब्याला पोचा नाही, झाकण जागच्या जागी, पण आतलं दही फुटलेलं असतं. कवटी म्हणजे तो डबा. मेंदू आत मऊ असतो. डोकं झटक्यानं हललं की तो आतल्या आत हेलकावतो आणि काही काळ त्याचं काम बिघडतं. म्हणून बाहेर जखम नसली तरी आत हादरा असू शकतो. आणि बेशुद्ध पडली तरच मार मोठा, ही समजूत तर काढूनच टाका. असा हादरा बसलेल्यांपैकी बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत. पोरगी गोंधळलेली दिसते, तेच ते विचारते, डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, चालताना झोक जातो, उगाच रडते किंवा चिडते. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवसाचा खेळ तिथंच बंद. पाच मिनिटं बसवून पुन्हा उभं करायचं नाही.

पहिले दोन दिवस तिला एकटं ठेवू नका. डोक्याच्या मारात एक फसवी गोष्ट असते. कधी कधी पोरगी चांगली बोलते, चहा पिते, आणि आत रक्त साठत असतं. काही तासांनी ती एकदम ढासळते. म्हणून लक्ष ठेवायचं. डोकेदुखी वाढतच गेली, पुन्हा पुन्हा ओकारी झाली, झटके आले, बोलताना जीभ जड झाली, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा वाटला, एका डोळ्याची बाहुली मोठी आणि दुसऱ्याची लहान दिसली, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं किंवा रक्त यायला लागलं, किंवा हाक मारून, हलवूनही ती नीट जागी होईना, तर सकाळची वाट पाहायची नाही. 108 ला फोन लावायचा. 2014 पासून ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात फुकट आहे. फोनवर गावाचं नाव सांगून थांबू नका. कोणता फाटा, कोणती शाळा, तेही सांगा. आपल्याकडे पुसदला उपजिल्हा रुग्णालय आहे. मोठं काही निघालं तर यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज, नाहीतर नांदेड. दोन्ही सुमारे शंभर किलोमीटरवर. म्हणून इथले दोन तास घरी वाया घालवायचे नाहीत.

डोक्याला मार लागल्यावर झोपू द्यायचं नाही, असं आपल्या सासवा सांगायच्या. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्या, झोपेनं मेंदूला आराम मिळतो. फक्त रात्री कुणीतरी जवळ झोपा आणि डॉक्टर सांगतील तसं मधून मधून उठवून, नाव विचारून बघा. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन आणि ब्रुफेनसारख्या गोळ्या मनानं देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढायची भीती असते. झोपेची गोळी तर नकोच नको.

आता मानेचं. इथं मी जरा कडक बोलणार आहे.

2018 साली कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यातल्या एका गावी यात्रेची कुस्ती होती. वीस वर्षांचा पैलवान डाव बसताना मानेवर पडला. काही दिवस दवाखान्यात झुंजला आणि गेला. कुस्तीच्या मातीत वाढलेलं पोरगं ते. मानेच्या मणक्यातून हाता-पायांकडे जाणाऱ्या नसांची दोरी जाते, श्वासाचा हुकूमही त्याच वाटेनं जातो. मणका मोडला तरी कधी कधी दोरी शाबूत असते, आणि मग आपणच उचलाउचलीत ती चेंगरतो.

म्हणून पोरगी पडली आणि मान दुखते म्हणाली, हातापायांना मुंग्या आल्या, बधिर वाटलं, हात उचलेना, किंवा ती बेशुद्धच असली, तर तिला आहे तशी पडू द्या. एकीनं डोक्याशी गुडघे टेकून बसायचं, दोन्ही हातांनी डोकं आहे त्या स्थितीत धरायचं आणि तिला सांगत राहायचं, "हलू नको बाई, आम्ही आहोत." मान ओढायची नाही, सरळ करायची नाही, उठवून बसवायचं नाही. तोंडाला पाणी लावायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवायची नाही. ओकारी यायला लागली तर मात्र तसंच ठेवून चालत नाही, गुदमरेल. मग तिघी-चौघींनी मिळून डोकं, खांदे, कंबर, पाय एका रेषेत ठेवून, लाकडाचा ओंडका वळवावा तसं एकदम कुशीवर वळवायचं. आणि श्वासच बंद पडला असेल तर मानेपेक्षा श्वास आधी. छाती दाबायला सुरुवात करायची. ते दाबणं एकदा आशाताईंना बैठकीत बोलावून करून बघा, नुसतं ऐकून येत नाही.

मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेणं, हे तर मी नोकरीत कितीदा पाहिलं. आणणाऱ्याची माया खरी असते हो, पण मान सारा रस्ता डुलत येते.

आणि मान बसवणारे. प्रत्येक गावात एक तरी असतो, झटका देऊन नस मोकळी करतो म्हणणारा. मार लागलेल्या मानेला झटका कुणाकडूनही घ्यायचा नाही, कटिंगच्या दुकानातूनही नाही. तेल चोळणंसुद्धा तपासणीनंतर.

आमच्या पोरीचं पुढं काय झालं? चार आठवडे लढत बंद. पहिले दोन दिवस घरी आराम, मोबाइल जवळपास बंद. मग हळूहळू शाळा, मग चालणं, धावणं, मग एकटीनं सराव. डोकेदुखी परत आली की एक पायरी मागं. समोरासमोरची लढत डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. हादरा भरून यायच्या आत दुसरा मार बसला तर कोवळ्या वयात मेंदू फार वेगानं सुजू शकतो. क्वचितच होतं, पण जिवावर बेततं. बेल्टची परीक्षा अर्थातच हुकली. पोरगी माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

मधेच एक सांगते, कारण ऐकणाऱ्यांत कुणाला तरी ते लागू असेल. डोक्याला मार मॅटवरच बसतो असं नाही. भिंतीवर डोकं आपटलं, गळा आवळला, तरी हीच लक्षणं आणि हीच धावपळ. गळा आवळल्यावर बाहेर वळ नसला तरी आवाज बसला, गिळताना दुखलं, दम लागला, तर दवाखान्यात जा आणि कसं लागलं ते खरं सांगा. "पाय घसरला" म्हणू नका. 181 हा बायांसाठीचा फोन आहे.

तर त्या बाईला मी काय सांगितलं? पाठव म्हटलं. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने हे शिकवायची योजना आहे, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची. ती काय पोरींनी घरी बसावं म्हणून? पण पाठवायच्या आधी तू स्वतः जाऊन शिकवणाऱ्या सरांना चार गोष्टी विचार. फरशीवर लढवता का मॅटवर? जोडी वजन-उंची पाहून लावता का? लहानांना डोक्यावर मारू देता का? जागतिक कराटे संघटनेच्या स्पर्धांत चौदा वर्षांखालच्या मुलांच्या डोक्याला, चेहऱ्याला नुसता हात लागला तरी दंड होतो, आणि पडलेला खेळाडू दहा सेकंदांत पायावर उभा राहिला नाही तर त्याला त्या स्पर्धेत पुन्हा लढू देत नाहीत. एवढे मोठे लोक हे पाळतात. आणि मार बसला तर मुलीला बसवता का, घरी कळवता का? आम्हाला त्या दिवशी कुणी कळवलं नव्हतं. हेल्मेट आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. हेल्मेटनं कातडी वाचते, डोकं फुटत नाही, पण आतलं दही हलायचं ते हलतंच. दातांची रबरी पट्टी दातांसाठी चांगली.

स्पर्धेला नेणार असतील तर तिथं डॉक्टर आणि गाडी आहे का, हेही विचार. 2022 च्या जुलैत बंगळुरूला किकबॉक्सिंगच्या स्पर्धेत मैसूरचा एक तरुण ठोसा बसून कोसळला आणि दवाखान्यात वारला. जागेवर वैद्यकीय सोय नव्हती, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार होती.

ती बाई म्हणाली, "सरांना असं विचारलेलं चालते का?" म्हटलं, एकटीला अवघड वाटत असेल तर गटातल्या पाच जणी मिळून जा. मागच्या सोमवारी त्या गेल्या. सरांनी मॅट नाही हे कबूल केलं, तर ग्रामपंचायतीत गाद्यांसाठी अर्ज गेलाय. तोवर डोक्यावरच्या लाथा बंद.

आमच्या नातीनं सहा महिन्यांनी परीक्षा दिली आणि बेल्ट मिळवला. तो खुंटीला टांगलेला असतो, कुणाला धुवू देत नाही. आता क्लासहून आली की मी आधी विचारते, "आज कोणता वार?" ती चिडते, पण वार बरोबर सांगते.