घरचा पहारेकरी की विकतचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले भाषण)



आपल्या बऱ्याच घरांतली मुले आज पुण्याला, बंगळुरूला नाहीतर परदेशात आहेत. इथे लष्कर-मुरारच्या घरांत आई-वडील आणि एक कॉम्प्युटर. त्यात पेन्शनचे कागद, बँकेचे व्यवहार, नातवंडांचे फोटो. दरवर्षी पडद्यावर सूचना येते : 'अँटीव्हायरसची मुदत संपली, पैसे भरा.' भरावे की नाही, एवढ्याच प्रश्नाबद्दल आज बोलतो.

पैसे भरायची सवय लागली, त्याला कारण होते. १९९०च्या दशकात फ्लॉपीतून व्हायरस पसरत आणि विंडोजपाशी स्वतःचा पहारेकरी नव्हता. कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे त्यांच्या दुकानात कॉम्प्युटर येऊ लागले. धाकटे बंधू संजय यांनी त्यांतल्या व्हायरसवर प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून 'क्विक हील' उभे राहिले. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे. पण खरेदी मात्र अभिमानाने नव्हे, गरजेने करावी.

कारण २०१२ साली आलेल्या विंडोज ८पासून पूर्ण अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो. त्याचे नाव डिफेंडर. वेगळे पैसे नाहीत. सुरुवातीला तो कच्चा मानला जाई. अलीकडे मात्र जर्मनीतील एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेच्या चाचण्यांत त्याला वारंवार पूर्ण गुण मिळाले आहेत. म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो : घरी एक-दोन कॉम्प्युटर असतील, विंडोज अस्सल असेल आणि अपडेट वेळेवर होत असतील, तर डिफेंडर पुरे.

मग विकतचा कोणी घ्यावा? फोनवर आपल्या भाषेत मदत हवी असेल, नातवंडांच्या वापरावर लक्ष ठेवायचे असेल, किंवा एकाच वर्गणीत घरातले अनेक कॉम्प्युटर आणि मोबाइल सांभाळायचे असतील, त्याने जरूर घ्यावा. मात्र पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. आणि दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका. ते एकमेकांच्या पायात येतात आणि कॉम्प्युटर रखडतो. विकतचा आला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. विकतचा नको असेल, तर तो नीट काढून टाका आणि 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण आहे ना, ते पाहा. मुदत संपलेला तसाच पडू देणे सर्वांत वाईट.

पहारेकरी कितीही चांगला असला, तरी भिंतीला भगदाड असून चालत नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्रायने जगभरचे कॉम्प्युटर बंद पाडले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केले नव्हते, ते सापडले. विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आपल्या घरी तेच असेल, तर अँटीव्हायरसच्या आधी त्याची सोय मुलांना विचारून करा. फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झाले की ती काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली, तर तीही कुलूपबंद होऊ शकते.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. २०२५मध्ये आपल्याच शहरातील एका आश्रमाच्या सचिवांना, पोलीस असल्याची बतावणी करून, २६ दिवस 'डिजिटल अरेस्ट'च्या धाकात ठेवले आणि अडीच कोटींहून अधिक रुपये उकळले. यात व्हायरस नव्हताच, होते ते फोन आणि भीती. अशा वेळी डिफेंडरही चालत नाही आणि विकतचाही नाही. कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. पडद्यावर 'तुमचा कॉम्प्युटर बिघडला, या नंबरावर फोन करा' असे आले, तरी फोन करू नका. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे ॲप टाकू नका. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३०वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

वर्गणीचे पैसे वाचले, तर त्यातून हार्ड डिस्क घ्या. आणि ज्यांची मुले या उत्सवासाठी घरी आली आहेत, त्यांनी परतीच्या गाडीआधी अर्धा तास त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवा. एवढे झाले तरी पुष्कळ.

गणपती बाप्पा मोरया!